मधली शिवण

१

सदतीस सालच्या फेब्रुवारीत मी संत आनाला एक नवस बोलले होते. आज सोमवार, धुण्याचा दिवस, म्हणून तो तुला सांगते.

ओदील, तू दोरीवरून चादरी काढून आणल्यास, फार बरं केलंस. आता हे टोक धर. दुसरं टोक आतल्या लहान खोलीत आहे, खणांच्या कपाटापाशी. माझी कंबर मोडल्यापासून उभ्यानं घडी घालणं मला जमत नाही, मी इथे चुलीजवळ खुर्चीतच बरी. घाई नको करूस. आधी गोष्ट, मग घडी.

ईस्टरनंतर मी कॉन्व्हेंटच्या जोगिणींच्या आश्रमात राहायला जाणार आणि हे घर तुझं नि तुझ्या नवऱ्याचं होणार. माझ्या लेकीनं, ल्युमिनानं, सगळं ठरवून टाकलंय. छप्पर कुठे गळतं ते तिनं तुम्हांला दाखवलं असेल. विहिरीचा पंप कसा रुसतो तेही सांगितलं असेल. पण चादरींची गोष्ट घर चालवणाऱ्या बाईनंच घर घेणाऱ्या बाईला सांगायचं असतं. ल्युमिनाला ते सांगता येणार नाही. तिला ठाऊकच नाही, आणि ते तसंच राहू दे.

२

ल्युमिना तेव्हा सात वर्षांची होती. माझा नवरा ओनेझीम लाकूडतोडीच्या छावणीत गेलेला, तो बर्फ वितळल्याशिवाय यायचा नव्हता. घरात मी, सासूबाई आणि पोर. पोरीला घटसर्प झाला. डॉक्टर घसरगाडीतून आले, तिचा घसा पाहिला, औषध टोचलं आणि जाताना आमच्या दारावर लाल पाटी ठोकून गेले. आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. शेजारीण सूप आणून कुंपणापाशी ठेवायची, हात हलवायची नि पळायची.

वरच्या खोलीत थंडी फार, म्हणून ल्युमिनाला मी स्वयंपाकघरातल्या भिकाऱ्याच्या बाकात झोपवलं. ते बाक तू पाहिलंयस. दिवसा बसायला, आणि झाकण पुढे पाडलं की जमिनीलगतची पेटी होते, आत पेंढ्याची गादी. त्या काळी वर्षातून दोनदा फिरते भिकारी यायचे, ते त्यात झोपायचे. त्यांना परत पाठवलं तर घराला पाप लागतं, असं आम्ही सगळे मानायचो.

तिच्या अंगाखाली मी माझ्या लग्नातली चादर घातली. आईनं आमच्याच शेतातल्या अळशीचा धागा काढून विणलेली. बारांतली उरलेली शेवटची, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं माझं आद्याक्षर. पोर मरणार असेल तर चांगल्या चादरीवर मरू दे, असं माझ्या मनात आलं होतं. आईच्या मनात असलं येऊ नये, पण आलं.

सातव्या दिवशी तिच्या श्वासाची शिटी वाजायला लागली. मी गुडघे टेकले आणि म्हटलं, "संत आना, तूही एका लेकीची आई. माझी वाचव. या बाकात जो निजेल त्याला दर शनिवारी मी माझ्या हातानं स्वच्छ चादर घालीन. माझे हात चालतील तोवर."

सासूबाई मागून म्हणाल्या, "भिकाऱ्याला लग्नाची चादर! उद्या चांदीचा चमचाही दे मेल्याला."

दोन दिवसांनी ल्युमिना उठून बसली आणि काकवी घातलेली लापशी मागून घेतली.

३

डॉक्टर लाल पाटी काढायला आले तेव्हा म्हणाले, "चादर जाळा. उकळून भागणार नाही. जाळा."

मी हो म्हटलं. आणि ओदील, माझ्या आयुष्यात जाणूनबुजून केलेलं एकच मोठं खोटं मी त्या दिवशी केलं. आमच्या रोजच्या चादरी पिठाच्या पोत्यांच्या असायच्या, चार पोती उसवून जोडलेल्या. त्यांतली एक फाटकी मी अंगणात त्यांच्यादेखत जाळली. तिच्यावर गिरणीच्या शिक्क्याची निळी अक्षरं होती, ती जळताना मला दिसत होती. डॉक्टरांना कुठली कळायला पोत्याची नि अळशीची राख.

आईच्या हातची चादर माझ्यानं जाळवली नाही. राखेच्या पाण्यात आणि घरच्या साबणात मी ती तीनदा उकळली. नीळ दिली. मधोमध ती विरली होती, पोर तिथेच तडफडली होती ना. मग आपण बायका करतो तेच केलं. मधून उभी कापली, बाहेरचे धडके काठ आत घेऊन एकमेकांना जोडले, विरलेल्या बाजू कडेला लावून दुमडल्या. चादरीला आणखी दहा वर्षं आयुष्य मिळतं असं. फक्त मधोमध शिवण येते आणि निजणाऱ्याच्या पाठीला ती लागते.

ती चादर मी भिकाऱ्याच्या बाकात घातली. नवस फेडला आणि चादरही वाचली. त्या रात्री मला किती शांत झोप लागली म्हणून सांगू.

हात अवघडले का गं? थोडं ढिलं सोड. काही होत नाही.

४

मे महिन्यात आमचा नेहमीचा भिकारी आला. म्हातारा सायप्रियँ. त्याला जेवू घातलं, पेटी उघडून दिली. चादर बघून तो हसला. "ताई, यावर निजायला मला आधी आंघोळ करावी लागेल!"

सकाळी पाहते तर तो फरशीवर, दाराशी, कोट पांघरून बसलेला.

"काय झालं?"

"ताई, गरिबाची थट्टा करू नये," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, दुखावला होता. "तुमचं पोर माझ्या आधी तिथं निजवलंत, निदान सांगायचं तरी. तापानं फणफणलंय बिचारं. मी सरकतोय, ते सरकतंय. शेवटी म्हटलं, निजू दे त्यालाच."

ल्युमिना वर माडीवर होती. मी स्वतः तिला गोधडीत गुंडाळून आले होते. तेवढ्यात ती जिन्यावरून धडधडत खाली आली, गाल लाल, हातात बाहुली. सायप्रियँनं तिच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. टोपी उचलली आणि पाव न घेताच निघून गेला.

सासूबाई म्हणाल्या, "सकाळीच ढोसलीय मेल्यानं." मलाही ते पटलं. खरंच पटलं, कारण पटण्यासारखंच होतं. पण त्या आठवड्यात त्यांनीच ते बाक स्वयंपाकघरातून आतल्या लहान खोलीत सरकवायला लावलं. वाटेत येतं म्हणाल्या. वीस वर्षं ते वाटेत आलं नव्हतं.

सायप्रियँ पुन्हा आला नाही. युद्धानंतर भिकारी यायचेच बंद झाले. नवस मात्र शनिवारचा होता, तो मी पाळत राहिले. न वापरलेली चादर काढायची, धुतलेली घालायची. आणि चादरीवर दर शनिवारी खळगा असायचा. लहानसा. डोक्याचा एक, ढुंगणाचा एक, आणि एक गुडघा पोटाशी घेतल्यासारखी चुण्यांची रेघ.

"मांजर," ओनेझीम म्हणाला.

"मांजराला गुडघे कुठून आले?"

"मग तू रोज जाऊन निजत असशील. माझ्या घोरण्याला कंटाळून." तो हसला, मीही हसले. मांजर दुसऱ्या वर्षी मेलं. खळगा राहिला. ल्युमिना वाढली, शाळा संपली, लग्न झालं. खळगा होता तेवढाच राहिला.

५

साठ साली मी पहिल्यांदा लेकीच्या घरी शहरात राहायला गेले. सोमवारी गेले, शुक्रवारी परत यायचं होतं. शनिवार चुकवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं अंथरूण आवरायला गेले. आवरल्याशिवाय मला राहवत नाही. जावईबापूंची बाजू चुरगळलेली, उशी जमिनीवर. तिच्या बाजूला इस्त्रीची घडी जशीच्या तशी उभी. नवी कोरी, दुकानातून आणल्यासारखी.

जावई दाराशी दाढी करत उभे होते. म्हणाले, "तुमची लेक झोपते कुठे देव जाणे, सासूबाई. माझ्या बाजूला भूकंप, तिच्या बाजूला इस्त्री. चौदा वर्षं बघतोय!"

"हलकी निजत असेल," मी म्हटलं.

"हलकी? असते की नाही याचीच शंका येते!" आणि हसत गेले. त्यांचा स्वभावच थट्टेखोर.

मग ल्युमिनानं हाक मारली, "आई, जरा मागची चेन लावून दे गं." मी तिचा झगा मागून आवळायला गेले. तिच्या पाठीवर, मानेपासून खाली अगदी सरळ, लाल वळ होता. नुसता वळ नाही. टाक्यांसकट. तिरके, बारीक, जवळजवळ घातलेले टाके. आपला टाका बाई ओळखतेच, अक्षर ओळखावं तसा.

"हे काय आहे गं?"

"ते? रोज सकाळी असतं. गादीची शिवण असेल. दुपारपर्यंत जातं."

ती आत गेल्यावर मी गादी चाचपून पाहिली. स्प्रिंगची गादी, गुळगुळीत. शिवण कुठेच नव्हती.

मी त्या दिवशी दुपारच्याच गाडीनं परत आले. तिला सांगितलं, कोंबड्यांची काळजी वाटते.

६

त्यानंतर मी कुठेच गेले नाही. पुण्यक्षेत्री नाही, बहिणीच्या मैताला नाही. चौदा वर्षांत आपल्या नदीच्या पलीकडचा तीर मी फक्त या खिडकीतून पाहिलाय. लोक माझ्याबद्दल म्हणाले, झेफिरीनला घराचं वेड लागलंय. ल्युमिना चिडायची. "आई, त्या घरात काय पुरलंयस तू?"

एकदा मी सुटायचं ठरवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते उशिरा का होईना करू, म्हटलं. चुलीचं झाकण उघडलं आणि चादरीचा कोपरा आत सारला. त्याच क्षणी आतल्या खोलीतून खोकला आला. लहान मुलाचा, ओला, शेवटी शिटी वाजणारा. सात दिवस मी तो ऐकला होता, विसरणार कशी? कोपरा मी ओढून काढला. तुझ्या हातात आहे ना, तोच. तिथे तपकिरी डाग असेल बघ.

मग एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी पायरीवर घसरले, कंबर मोडली. इस्पितळात पंधरा दिवस. दोन शनिवार गेले.

पहिल्या शनिवारनंतर ल्युमिना भेटायला आली ती जांभया देत. दुसऱ्यानंतर आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात भाजत होता. आवाज बसलेला. अंगाला वास येत होता, कितीतरी दिवस न बदललेल्या अंथरुणाचा. माझी लेक टापटिपीची आहे, तू पाहतेसच.

"आई," ती म्हणाली, "मला सारखं वाटतं की मी कशात तरी अडकलेय. काहीतरी ओलं, जड अंगाभोवती गुंडाळलंय. हातपाय हलवते, पण तिथं हलत नाहीत."

"तिथं म्हणजे कुठं, बाळा?"

ती मागे हात नेऊन पाठ चोळायला लागली. तिलाही ठाऊक नव्हतं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. फ्लू असेल. दमली असेल. बाई चाळिशी ओलांडते तेव्हा असं होतं. सगळं पटण्यासारखं होतं, सायप्रियँच्या दारूसारखंच. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी भांडून, कुबड्या घेऊन घरी आले. आतल्या खोलीत गेले. चादर पिळून निघेल इतकी ओली होती. मी ती बदलली, गादी उलटली, उशी झटकली. गुडघ्यावर बसता येत नव्हतं म्हणून पोटावर पडून कडा खोचल्या.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, काय झालं कुणास ठाऊक," ल्युमिना म्हणाली, "एकदम मोकळं वाटायला लागलं. भूक लागलीय. लापशी करून खाल्ली, काकवी घालून."

७

आता एकच सांगायचं राहिलं. ते मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

इस्पितळातून आल्यावरचा पहिला सोमवार होता. कडक थंडी, वारा अजिबात नाही. ती ओली चादर धुऊन मी मागच्या गॅलरीतून कप्पीच्या दोरीवर सोडली. आपल्याकडे काय होतं तुला माहीत आहे, चादर फळीसारखी गोठते, काढून आणून चुलीपाशी उभी करायची, मग वितळत वितळत ती गुडघ्यांत मोडते आणि जमिनीवर बसते. लहानपणी ल्युमिनाला त्याचं फार हसू यायचं. "आई, चादरबाई दमल्या!" म्हणायची.

दुपारी मी ती ओढून घेतली. सपाट गोठली नव्हती. तिला पोक होतं. एका बाजूला खांद्याएवढी फुगीर, खाली एक गुडघा वर. शिवण मधोमध, कण्यासारखी. वारा नव्हता, ओदील. दोरीवर नुसती लोंबत होती.

मी ती कशीबशी आत आणली आणि याच खुर्चीसमोर उभी केली. चूल पेटलेली होती. कपड्यातून पाणी टपकायला लागलं. गुडघ्यात मोडेल म्हणून मी खुर्चीत बसून वाट पाहत होते. ती मोडली नाही. ती वळली. सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी. आणि माझ्या मांडीवर बसली.

बर्फातून आणलेली चादर. तिच्यातून धग येत होती.

आणि वजन होतं. आई विसरत नाही ते वजन, सात वर्षांच्या पोरीचं, आजारानं हलकं झालेलं. छातीपाशी काहीतरी वरखाली होत होतं, आणि प्रत्येक वर जाण्याच्या टोकाला बारीकशी शिटी. तोंड कुठे आहे ते मी पाहिलं नाही. कापड जिथे माझ्या गळ्याला टेकलं होतं तिथे ते आत ओढलं जात होतं आणि बाहेर येत होतं, एवढं मला कळत होतं.

मी घाबरले का? घाबरले. पण हात आपोआप पाठीवर गेला आणि थोपटायला लागला. शिवणीवरून, वरून खाली. "नीज," मी म्हटलं, "नीज, माझ्या बाळा. आई आहे."

हळूहळू मांडी हलकी झाली. ओली चादर तेवढी उरली.

संत आनानं मला फसवलं असं मी कधी म्हटलं नाही. मी लेक मागितली, तिनं ती दिली. जे जाळून टाकायचं होतं ते मीच घरात ठेवलं. आता ते आजारी लेकरू इथं आहे आणि त्याला दर शनिवारी कोरडं अंथरूण लागतं, एवढंच. यापेक्षा कितीतरी कठीण नवस बायकांनी फेडले आहेत.

८

ओनेझीम गेल्यावर घडीची पंचाईत झाली. चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. मी काय करायचे, दोन कोपरे आतल्या कपाटाच्या खणात अडकवायचे, खण लोटायचा आणि दुसरी बाजू घेऊन इथे स्वयंपाकघरात यायचे. ताण द्यायचे, झटकायचे, मग टोकाला टोक लावत चालत जायचे. छान जमायचं. एकदा चालत आत गेले तर खण लोटलेला, आणि रिकामा. कोपरे त्यात नव्हतेच. तरी चादर माझ्या हातात ताठ होती, कपाटाच्या अलीकडे, कमरेएवढ्या उंचीवर.

मी कोपऱ्याला कोपरा लावला. तिथून पुढे कधी खण उघडला नाही.

ओदील, माझे हात आता चालत नाहीत. बघ, बोटं मिटतसुद्धा नाहीत. माझ्या नवसाची मुदत तेवढीच होती, पण तिकडे शहरात माझी लेक आहे, चव्वेचाळीस वर्षांची, तिच्या मुलीचं येत्या उन्हाळ्यात लग्न आहे. आश्रमात जोगिणी शनिवारी माझी चादर बदलतील, इथली कोण बदलणार? तुला मूल व्हायचंय. तुझं मन चांगलं आहे. तू मघापासून उभी आहेस आणि एकदाही कुरकुरली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं.

फार काही नाही गं. शनिवारी बदलायची, सोमवारी धुवायची, शिवण मधोमध येईल अशी घालायची. उशाशी पेलाभर पाणी. खोकला ऐकलास तर "आई आहे" म्हणायचं, कोणाची ते सांगायची गरज पडत नाही.

मी जसं केलं तसंच तूही कर. आता हळूच चालत आत जा, टोकाला टोक लाव, पाठ असेल तिथे कापडावरून एक हात फिरव. ओढू नकोस, बाई. मी आज खणात काही अडकवलेलं नाही.